टिकलीचं डावं फुप्फुस

टिकली शिंकली, तसा बसवराज आवटींनी चहाचा कप खाली ठेवला.

"कोण शिंकलं? भिंगरी का?"

"नाही. टिकली," शैलजा म्हणाली.

दोघंही पिंजऱ्याकडे बघत राहिले. टिकली पांढरीशुभ्र उंदरीण होती, कपाळावर तेवढा एक करडा ठिपका. ती कापडी झोळीत अंग फुलवून बसली होती. खाली भिंगरी, तपकिरी आणि जाडजूड, काकडीची चकती पुढच्या दोन पायांत धरून कुरतडत होती. टिकली पुन्हा शिंकली. तिच्या नाकाशी लालसर काहीतरी आलं आणि तिनं ते पंजानं पुसून टाकलं.

पाळलेलं जनावर शिंकलं म्हणून कुठल्या घरात माणसं चहा टाकून बसत नाहीत. पण टिकलीच्या छातीत डाव्या बाजूला जे फुप्फुस होतं, ते शैलजाचं होतं.

शैलजानं मिरजेच्या तलावावर वीस-बावीस वर्षं मुलांना पोहायला शिकवलं. श्वास कधी घ्यायचा, किती धरायचा, कधी सोडायचा, हेच तिचं काम. एका उन्हाळ्यात तलावाच्या पायऱ्या चढून वर आली आणि तिला शिट्टी वाजवता येईना. तपासण्या झाल्या. निरोगी फुप्फुस स्पंजासारखं असतं, ओलं आणि लवचीक. शैलजाच्या फुप्फुसात आतून वण धरत चालले होते. जखम भरून आल्यावर कातडी जशी घट्ट आणि जाड होते, तसा तो स्पंज घट्ट होत होता. का, ते कुणालाच नक्की सांगता आलं नाही.

वण विरघळवणारं औषध तोवर निघालं होतं. त्यात एकच खोट होती. काही माणसांत ते वणापाशी थांबत नसे. शेजारच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीही विरघळवू लागे आणि माणूस आतल्या आत रक्तस्राव होऊन जाई. कुणाच्या शरीरात ते थांबेल आणि कुणाच्यात थांबणार नाही, हे सांगणारी रक्ताची चाचणी नव्हती. म्हणून आरसे तयार करावे लागले.

रुग्णाच्या रक्तातल्या काही पेशी घ्यायच्या, त्यांना उलट्या पावली मूळच्या कोवळ्या अवस्थेत न्यायचं आणि त्यांतून फुप्फुसाची ऊती वाढवायची. उंदराचं डावं फुप्फुस एकसंध असतं, उजव्याला मात्र चार पाकळ्या असतात. म्हणून जन्मल्या जन्मल्या पिल्लाच्या डाव्या फुप्फुसाच्या जागी ही माणसाची ऊती रुजवायची आणि त्याला वण धरायला लावायचे. उंदराच्या शरीरानं ती परकी म्हणून नाकारू नये, यासाठी त्याची प्रतिकारशक्ती थोडी आंधळी करायची. उजवं फुप्फुस उंदराचं स्वतःचंच राहतं. हा उंदीर म्हणजे त्या रुग्णाचा आरसा. औषधाच्या वाढत्या मात्रेची प्रत्येक पायरी आधी उंदराला द्यायची. त्याला सोसली तर आठवड्याभरानं तीच पायरी माणसाला.

आरसा प्रयोगशाळेत ठेवून भागत नव्हतं. औषधाचा परिणाम हवेवर, धुळीवर, अन्नावर ठरायचा. उंदरानं आणि माणसानं एकाच खोलीतली हवा घ्यायची, एकाच स्वयंपाकघरातलं खायचं. खिडक्या बंद, हवा गाळणारं यंत्र सतत चालू. शैलजानं दिवसाचा बहुतेक वेळ त्या खोलीत काढायचा आणि टिकलीला रोज हाताळायचं, कारण भेदरलेल्या उंदराचा श्वास मोजून उपयोग नसतो. सुरुवातीला आरसे एकएकटे दिले होते. ते सुकून चालले. उंदराला उंदराची सोबत लागते. मग हे उपचार करणाऱ्या केंद्रानं एका व्यापाऱ्याकडून साध्या उंदरिणी आणल्या आणि प्रत्येक आरशाला एक सोबतीण दिली. भिंगरी अशी आली.

पहिल्या दिवशी शैलजा पिंजऱ्यात हात घालायला घाबरली होती. आता टिकली तिच्या बाहीत शिरून झोपायची आणि भिंगरी बसवराजांच्या चष्म्याची दांडी चाटायची. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. "गिऱ्हाईक झालंय हे," असं ते म्हणायचे.

पिंजऱ्याच्या छताला बसवलेलं यंत्र टिकलीचा श्वास मोजून केंद्राला कळवत असे. त्या शिंकेनंतर आठवड्यातच डॉ. रेणुका मिठारींचा फोन आला. त्या केंद्राच्या प्रमुख होत्या.

"शैलजाताई, टिकलीचा आकडा घसरतोय. तिसरी पायरी मी तूर्त थांबवतेय."

"पण मला बरं वाटतंय हो. आता एक अख्खं वाक्य न थांबता बोलता येतं."

"वाटण्यावर जाता येत नाही. रक्तस्राव सुरू होतो तेव्हाही दुखत नाही काही. महिन्याभरात आकडा वर आला नाही, तर नियमानं औषध बंद करावं लागेल."

"तिचं छायाचित्र काढून बघा की आतलं."

"त्याला भूल द्यावी लागते. या श्वासावर ती भुलीतून उठणार नाही."

त्याच संध्याकाळी हुबळीहून मुलीचा, गौतमीचा फोन आला. तिला सातवा महिना होता.

"आई, पहिलं बाळंतपण आहे माझं. सगळ्याजणी माहेरी जातात."

"अगं, या खोलीत तुला नको म्हणतात डॉक्टर. उंदीर आहेत, त्यांच्या भुशाची धूळ असते."

"मग तू ये."

"मला हवा बदलता येत नाही, गौतमी."

"दोन दिवस?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "बरं. बाबांना तरी पाठव," असं म्हणून गौतमीनं फोन ठेवला. बंद खिडकीच्या काचेतून खालचा रस्ता दिसत होता. शहाळीवाला गाडा ढकलत गेला. तो काहीतरी ओरडत होता, पण आत ऐकू येत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात भिंगरीच्या काखेत गाठ लागली, गोटीएवढी. उंदरिणींना अशा गाठी होतात. सोबतिणीच्या उपचारांना केंद्राची आडकाठी नव्हती, कारण तिच्यावर प्रयोग नव्हता. बसवराजांनी सांगलीहून पाळीव जनावरांचे डॉक्टर सॅम्युएल घाटगे यांना बोलावलं. घाटगे उंच आणि अबोल होते. हात धुऊन, मुखपट्टी लावून ते खोलीत आले. भिंगरीला त्यांनी तळहातावर उताणं घेतलं, गाठ चाचपली आणि मग तिला उचलून सरळ आपल्या कानाला लावलं.

"गाठ साधी आहे, काढून टाकू. पण हिच्या छातीत घरघर आहे. जुनी दिसते."

"कसली?"

"उंदरांचा एक जंतू आहे. बाजारात वाढवलेल्या बहुतेक उंदरांत तो लहानपणापासूनच असतो. धडधाकट उंदीर त्याला दाबून ठेवतो. शिंका, नाकाडोळ्यांतून लाल पाणी, अंग फुलवून बसणं. ते लाल म्हणजे रक्त नव्हे बरं का, त्यांच्या अश्रूंचाच रंग असतो तो. मुळापासून जात नाही हा आजार, पण औषधानं आटोक्यात राहतो."

शैलजानं टिकलीकडे बघितलं. "आणि तो एकीचा दुसरीला लागतो?"

"एका पिंजऱ्यात? लागतोच." घाटगेंचीही नजर तिकडे गेली. टिकलीच्या कानाला केंद्राचा बिल्ला होता. "हिला औषध द्यायची मला परवानगी नाही."

"ऐकायला परवानगी लागत नाही," शैलजा म्हणाली.

टिकलीला हातात घेताना शैलजाला तिच्या फासळ्या लागल्या. घाटगेंनी तान्ह्या बाळांसाठी असते तसली छाती तपासायची छोटी नळी काढली आणि बराच वेळ ऐकत राहिले.

"एवढंसं जनावर, छातीवर हात देऊन सांगता येणार नाही. पण मला आवाज उजवीकडे जास्त वाटतोय."

"उजवं फुप्फुस तिचं स्वतःचं आहे," शैलजा म्हणाली. "डावं माझं."

त्यांना जिन्यापर्यंत पोचवायलाही ती थांबली नाही. तिनं डॉ. मिठारींना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही म्हणता ते खरं असू शकतं, आकडा औषधानं नव्हे, जंतूनं घसरला असेल. मी समितीला कळवते. पण समिती पुढच्या तिमाहीत बसेल."

"आणि माझ्या हातात महिनाही नाही. तोवर टिकलीला औषध दिलं तर?"

"आरशाला बाहेरचं काहीही दिलं की तो आरसा बाद आणि त्याचा रुग्णही बाद. ताई, हा नियम उगाच नाही केलेला. पहिल्या वर्षी लोकांनी आरशांना लपूनछपून नाही नाही ती औषधं घातली. आरसे टुणटुणीत दिसले, आम्ही पायरी वाढवली आणि दोन माणसं दगावली. त्यांच्या घरी मी गेले होते. तुम्ही असं काही करू नका. ऐकताय ना?"

"ऐकतेय."

भिंगरीची गाठ निघाली. तिच्या छातीसाठी औषधाची पूड आली. दुधादह्यातून द्यायची नाही, नाहीतर लागू पडत नाही, असं घाटगेंनी बजावलं होतं. शैलजा ती कुस्करलेल्या केळ्यात कालवायची. भिंगरीला खाण्यापुरतं वेगळ्या खोक्यात ठेवायचं, वाटी चाटूनपुसून झाली की परत पिंजऱ्यात. टिकली जाळीला नाक लावून त्या वासाकडे बघत बसायची. तिच्या कुशी भात्यासारख्या हलत होत्या. डोळ्यांभोवती लाल कडा आली होती. रात्री झोपण्याऐवजी ती मान वर करून बसायची, कारण आडवं झालं की श्वास पुरत नसे. शैलजाला ते बसणं ओळखीचं होतं.

एका संध्याकाळी तिनं खोकं फळीवरून काढलंच नाही. दोघींच्या मापाचं केळं कुस्करलं, पूड घातली आणि वाटी सरळ पिंजऱ्यात ठेवली. टिकली धडपडत खाली आली.

बसवराज दारात उभे होते. शैलजाला वाटलं, आता बोलतील. ते आत आले आणि टिकलीला नीट खाता यावं म्हणून त्यांनी भिंगरीला एका बोटानं जरा बाजूला सारलं.

पंधरवड्यात टिकलीचे डोळे स्वच्छ झाले. ती पुन्हा बाहीत शिरू लागली. आकडा चढला. केंद्रानं तिला तिसरी पायरी दिली आणि ती सोसली आहे असं दिसल्यावर शैलजालाही. ती सुई घेताना शैलजा खुर्चीचा हात घट्ट धरून बसली. आरशात आता जे दिसत होतं, त्यात किती खरं होतं हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि हे तिच्याशिवाय फक्त बसवराज जाणत होते. काही दिवस ती प्रत्येक खोकल्यानंतर रुमाल उघडून बघायची. रुमालावर काही नसायचं. मग एके दिवशी ती स्वयंपाकघरापर्यंत प्राणवायूच्या नळीशिवाय चालत गेली आणि ओट्याशी उभं राहून तिनं स्वतः चहा केला.

हुबळीला गौतमीला मुलगा झाला. बसवराज जाऊन आले. शैलजानं बाळ फोनच्या पडद्यावर बघितलं. गौतमी आता रागावलेली नव्हती. "आई, तू बरी हो, मग ये," ती म्हणाली, आणि ते शैलजाला जास्त लागलं.

त्याच सुमारास दस्तगीरभाईंचा फोन आला. ते तंबोरे बनवायचे. भोपळे तासता तासता त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनाही हाच आजार आणि त्यांच्याकडेही आरसा होता. रुग्णांचं आठवड्याला पडद्यावर बोलणं व्हायचं, तिथली ओळख.

"ताई, आमची चांदणी गेली."

"अहो, कधी?"

"आज सकाळी. माझं औषध तर आधीच बंद केलंय. आरशात चालत नाही म्हणाल्या डॉक्टरबाई. त्यांचा काय दोष न्हाई. पण चांदणीला तशीच ठेवून घेतली होती आम्ही. बायको रडून रडून बेजार झालीय." ते धापा टाकत होते. प्रत्येक दोन शब्दांनंतर थांबत होते.

शैलजानं विचारू नये असं स्वतःला सांगितलं आणि विचारलं, "तिच्या नाकाला लाल यायचं का हो?"

"यायचं की. बायको रोज ओल्या फडक्यानं पुसायची. मला वाटायचं, माझंच रक्त तिच्यात उतरतंय."

फोन ठेवल्यावर शैलजा पिंजऱ्यासमोर येऊन बसली. सगळ्या सोबतिणी त्याच व्यापाऱ्याच्या होत्या. औषध बंद झालेले आणखी चारपाच जण तिला माहीत होते. कुडचीच्या एक बाई, जयसिंगपूरचा एक वकील. त्या सगळ्यांचे आरसे असेच शिंकले असतील. समितीकडे फक्त एक शंका पोचली होती. पुरावा शैलजाच्या पिंजऱ्यात उड्या मारत होता.

बसवराज दुकानातून आल्यावर तिनं त्यांना सांगितलं.

"नाही," ते लगेच म्हणाले. "बोलायचं नाहीस तू. समिती बसेल, त्यांचं ते शोधून काढतील."

"कधी? दस्तगीरभाईंचा श्वास ऐकला नाही तुम्ही."

"तुझा ऐकतोय ना मी! तीन वर्षं ऐकतोय. तू सांगितलंस की तुझं बंद. बरोबर?"

"हो."

"मग ते माझे कोण लागतात?"

बसवराज पलंगाच्या कडेला बसले. चष्मा काढून त्यांनी डोळे दाबून धरले.

"बाळाला तू हातात घेतलेलं नाहीस अजून," ते म्हणाले. "मी घेतलं. मला एवढं वाईट वाटलं, शैला, की आपण एकट्यानंच घेतोय."

"मलाही घ्यायचंय हो."

"मग?"

"मग काय? मी रोज टिकलीला वाटी देते. रोज मला कुडचीच्या बाईंचा उंदीर दिसणार. त्याचं नावसुद्धा मला माहीत नाही."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. ती जेवली, कारण तिला जेवणं भागच होतं.

सकाळी तिनं डॉ. मिठारींना फोन करून पहिल्या वाटीपासून सगळं सांगितलं.

"ताई, तुम्ही मरू शकला असतात," डॉक्टर म्हणाल्या.

"माहीत आहे."

"आता मला हे नोंदवावं लागेल. नोंदवलं की..."

"तेही माहीत आहे. बाकीच्यांचं बघा आधी."

समिती तिमाहीची वाट न बघता बसली. टिकलीला केंद्रात नेलं. आता तिला भूल सोसणार होती, म्हणून तिच्या छातीचं छायाचित्र निघालं. बाकीच्या आरशांचे आणि सोबतिणींचे नमुने घेतले. जवळजवळ सगळ्यांत तो जंतू सापडला. ज्यांचे आरसे जिवंत होते, त्यांच्या आरशांना केंद्रानं मोजून-नोंदवून जंतूचं औषध सुरू केलं. ज्यांचे गेले होते, त्यांच्यासाठी नवे वाढवायला घेतले. शैलजाची चौथी पायरी थांबली ती थांबलीच. महिन्याभरात नळी पुन्हा तिच्या नाकाला लागली. नंतर तिला पलंगावरून उठून खुर्चीत बसायलाही आधार लागू लागला.

डॉ. मिठारी स्वतः घरी आल्या. फिकट निळी कडक साडी, हातात टिकलीची छोटी पेटी. भिंगरी जाळीशी येऊन जोरजोरानं हुंगू लागली. टिकलीला आत सोडल्याबरोबर दोघी एकमेकींच्या अंगावर चढल्या.

"बसा," बसवराज म्हणाले. त्यांनी चहा विचारला नाही.

"दस्तगीरभाईंचा नवा आरसा तयार होतोय," डॉक्टर म्हणाल्या. "कुडचीच्या बाईंना पुन्हा औषध सुरू झालं. एकूण सहाजण." मग त्यांनी पदर सारखा केला. "आणि शैलजाताई, टिकलीचं छायाचित्र. डावीकडचे वण निम्म्यानं कमी झालेत. रक्तवाहिन्यांना कुठेही धक्का नाही. हे औषध तुमच्यासाठीच बनवल्यासारखं चालतंय."

बसवराज उभे राहिले. "मग द्या ना ते!"

"तिच्यात दुसरं औषध आमच्या नोंदीबाहेर गेलेलं आहे. त्यामुळे हा निकाल धरता येत नाही. मी समितीशी भांडले. दोनदा भांडले. नवा आरसा लागेल, त्याला दहा-अकरा महिने लागतात. तुमच्या पेशी मी कालच वाढवायला घातल्यात."

"दहा महिने," बसवराज म्हणाले. "बघताय ना तुम्ही तिच्याकडे?"

डॉक्टरांनी शैलजाकडे बघितलं आणि मान खाली घातली.

बसवराज खिडकीशी गेले, काचेवर तळहात ठेवून पाठमोरे उभे राहिले. शैलजा श्वास जमवत होती. तिला एवढं कळलं होतं की औषध आहे, ते तिला लागू पडतं आणि ते या खोलीच्या बाहेर आहे.

"या दोघींना काय करता?" तिनं विचारलं.

"नियमानं परत न्यायला हव्यात. बाद आरसा ठेवत नाहीत. पण सोबतीण एकटी राहणार नाही, आणि..." डॉक्टर अडखळल्या. "तुम्हाला हव्या असतील तर मी नेत नाही."

"राहू देत."

"रोज औषध, साफसफाई. झेपेल तुम्हाला?"

"झेपत नाही. दोन दिवस पिंजरा तसाच आहे. यांची कंबर धरलीय आणि मला वाकवत नाही." ती थांबली. दोन श्वास घेतले. "तुम्ही आलाच आहात, तर खालचा ट्रे काढून देता?"

बसवराज वळून बघू लागले. डॉक्टरांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, साडीचा पदर कमरेला खोचला आणि पिंजऱ्यासमोर जमिनीवर मांडी घातली. ट्रे अडकला होता, ओढताना त्याचा कर्रकन आवाज झाला आणि थोडा भुसा त्यांच्या मांडीवर सांडला.

"जुना कागद गुंडाळून पिशवीत," शैलजा म्हणाली. "मग कोरड्या फडक्यानं पुसा. ओलं राहिलं की वास येतो आणि यांच्या छातीला बाधतो."

"हो."

"कोपऱ्यात जास्त असतं. कोपरे नीट पुसा."

डॉ. मिठारी कोपरे पुसू लागल्या. त्यांचे खांदे हलत होते. थोड्या वेळानं बसवराज आले आणि नव्या कागदाची घडी उलगडून त्यांनी त्यांच्यापुढे धरली.